नाताळची सुट्टी आणि सासरचा गोतावळा

डिसेंबर जवळ आला की आंतरधर्मीय आणि आंतरदेशीय विवाह झालेल्या घरांतून आम्हाला ठरावीक प्रकारची पत्रे येऊ लागतात. या वेळी त्यांतील तीन पत्रे निवडली आहेत. पहिल्या पत्राला सर्वाधिक जागा दिली आहे, कारण त्यातील अडचणी अनेकींच्या आहेत.

प्रश्न : माझे माहेर सांगलीचे असून नोकरीनिमित्त मी पुण्यात राहते. दोन वर्षांपूर्वी आम्ही नोंदणी पद्धतीने विवाह केला. पती गोव्यातील सासष्टी तालुक्यातील कॅथलिक कुटुंबातले आहेत आणि आम्ही दोघांनीही आपापला धर्म कायम ठेवला आहे. मागच्या वर्षी मी प्रथमच नाताळासाठी सासरी गेले. दहा दिवस घरात वीस-बावीस माणसे होती. त्यांची कोंकणी मला अर्धीमुर्धीच कळते. मी शाकाहारी आहे. सोरपोतेलच्या, म्हणजे डुकराच्या मांसाच्या कालवणाच्या, वासाने माझे जेवणावरून मन उडत असे. सासूबाई प्रेमळ आहेत, पण त्यांनी मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिले नाही. पती चुलतभावांबरोबर सकाळी बाहेर पडत, ते रात्री परतत. मध्यरात्रीच्या मिसाला, म्हणजे चर्चमधील सामूहिक उपासनेला, सगळे रांगेत उभे राहिले म्हणून मीही उभी राहिले, तर पतीच्या आत्याबाईंनी हात धरून मला परत बाकावर बसवले. तो प्रसंग आठवला की अजूनही डोळ्यांत पाणी येते. यंदाही २२ डिसेंबर ते २ जानेवारी असे आमंत्रण आले आहे. माझ्या आई-वडिलांना मी नववर्षाला सांगलीत हवी आहे. पती म्हणतात, ‘तू फक्त मजा कर.’ मी या वर्षी जाणेच टाळावे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : जाणे टाळू नका, मात्र बारा दिवसांसाठी जाऊ नका आणि मागच्या वर्षीसारखे तर मुळीच जाऊ नका. तुमच्या पत्रात धर्माचा उल्लेख सर्वांत आधी येतो. तरीही तो तुमच्या त्रासाचा सर्वांत लहान भाग असावा, असे मला ते वाचताना वाटले. दहा दिवस तुम्ही एका भरलेल्या घरात हाताला काम नसताना आणि शंका विचारायला हक्काचे माणूस नसताना बसून होता. नव्या सुनेला कामाला लावू नये या चांगल्या हेतूने सासूबाईंनी तुम्हाला स्वयंपाकघराबाहेर ठेवले असणार. पण पाहुणचार दोन दिवसांचा असेल तरच सुखाचा असतो, दहा दिवस चालला तर त्याचा एकांतवास होतो.

चर्चमधील प्रसंगाबद्दल आधी लिहितो, कारण तो तुमच्या मनात रुतून बसला आहे. मिसामध्ये एका टप्प्यावर भाविक रांगेने पुढे जाऊन धर्मगुरूंकडून कम्युनियन, म्हणजे पवित्र केलेली भाकर, घेतात. कॅथलिक श्रद्धेनुसार तो साधा प्रसाद नसतो. त्यात ख्रिस्त प्रत्यक्ष असतो असे ते मानतात, आणि म्हणून कॅथलिक नसलेल्या व्यक्तीने तो घेऊ नये असा चर्चचा नियम आहे. आपल्याकडे देवळात आलेल्या प्रत्येकाच्या हातावर तीर्थ-प्रसाद ठेवला जातो, त्यामुळे तुम्ही उभ्या राहिलात यात काहीही गैर नव्हते. वेदीसमोर उभ्या राहिल्यावर तुम्हाला अवघडल्यासारखे होऊ नये, एवढ्याचसाठी आत्याबाईंनी तुमचा हात धरला असावा. तो हात तुम्हाला झोंबला याचे कारण मात्र वेगळे आहे : ही गोष्ट तुम्हाला त्या संध्याकाळी घरातच सांगायला हवी होती, आणि ते काम तुमच्या पतीचे होते.

यंदा मिसाला जायचे असेल तर इतके पुरेसे आहे. सगळे उभे राहतील तेव्हा उभे राहावे, बसतील तेव्हा बसावे. ते गुडघे टेकतात तेव्हा तुम्ही शांत बसून राहिलात तरी कोणाचा अवमान होत नाही. कम्युनियनच्या वेळी बाकावरच थांबावे आणि शेजारच्यांना बाहेर पडायला वाट द्यावी. मिसा संपल्यावर अनेक ठिकाणी बाळ येशूची मूर्ती चुंबनासाठी पुढे आणतात. तिथे मनापासून हात जोडावेत. गोव्यात अनेक गावांत हा मिसा चर्चच्या प्रांगणात, उघड्यावर होतो, तेव्हा अंगावर शाल असू द्यावी. आणि नाताळाच्या दिवसांत घरी संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होत असेल तर एकदा तरी त्या वेळी मागे बसून पाहा. प्रार्थना संपली की धाकटी माणसे क्रमाने थोरांपुढे जाऊन बेसांव मागतात, म्हणजे आशीर्वाद घेतात. घरात पतीच्या आजी, म्हणजे शामाय, असतील तर त्यांच्यापुढे तुम्हीही जाऊन उभ्या राहा. दिवाळीच्या पाडव्याला थोरांना वाकून नमस्कार करणाऱ्या मुलीला हे शिकवावे लागत नाही, आणि यासाठी कोणाला धर्म विचारला जात नाही.

आता कामाविषयी. तुम्हाला स्वयंपाकघरात प्रवेश हवा असेल तर ‘मी काही मदत करू का’ असे विचारू नका, कारण त्याला ‘नको, तू बस’ हेच उत्तर मिळणार. नेमके काम मागा. नाताळच्या आधीच्या दिवसांत गोव्यातील कॅथलिक घरांत कुसवार, म्हणजे फराळ, करायला घेतात आणि त्यातील दोन पदार्थ तुमच्या हातचे आहेत. नेवऱ्या म्हणजे करंज्यांचीच बहीण. सांगलीच्या घरात दिवाळीत करंजीची कड मुडपलेल्या मुलीला त्यात अवघड काही नाही. दुसरा पदार्थ कुलकुलांचा. जेवणाच्या मोठ्या टेबलाभोवती सगळी बायका-मुले बसतात, प्रत्येकाच्या हातात एक काटा असतो, पिठाची बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबत पसरायची आणि दुसऱ्या टोकापासून गुंडाळत आणायची, की शंखासारखी रेघारेघांची नळी होते. काही घरांत यासाठी कोरा कंगवा राखून ठेवलेला असतो. काम सोपे असते, वेळ भरपूर लागतो, आणि हात चालू असताना बायका जे बोलतात ते जेवणाच्या पंगतीत कधीच बोलत नाहीत. एखाद्या कुटुंबाची खरी ओळख अशा टेबलावर होते, असे माझे ठाम मत आहे. मागच्या वर्षी तुमची गाठ तयार फराळाशी पडली. तो होत असतानाच्या गप्पांत तुम्ही नव्हता. म्हणून यंदा शक्य असेल तर २२ ऐवजी २० तारखेला पोहोचा आणि परतीची तारीख अलीकडे आणा.

कुसवार झाल्यावर शेजारीपाजारी फराळाची ताटे पाठवण्याची पद्धत आहे. तिला कोंसुआद म्हणतात. ही ताटे हिंदू शेजाऱ्यांकडेही जातात आणि चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, त्यांच्याकडून गोडधोड उलट येते. ताटे पोहोचवायला मुलांबरोबर तुम्ही जा. पाच-सहा घरांच्या ओसरीवर ‘ही आमची सून’ अशी ओळख झाली की तुम्ही त्या गावात अनोळखी राहणार नाही. भाषेचा प्रश्नही या फेरीत बराचसा सुटेल. सासष्टीची कोंकणी वेगाने बोलली जाते आणि तिच्यात पोर्तुगीज शब्द बरेच असतात, पण मराठी कानाला ती लवकर ओळखीची होते. घरातील सात-आठ वर्षांचे एखादे मूल हाताशी धरा. मुले न कंटाळता तेच वाक्य चार वेळा सांगतात.

जेवणाचा प्रश्न पतीने महिनाभर आधी फोनवर आपल्या आईशी बोलून मिटवायला हवा, ऐन पंगतीत ‘ही खात नाही’ असे सांगून नव्हे. सोरपोतेल दोन-तीन दिवस आधी करून रोज गरम करत मुरवतात, त्यामुळे त्याचा वास घरात राहणारच. त्याबद्दल तक्रार करता येणार नाही. त्या वेळी तुम्ही बाल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, जाऊन बसलात तर त्यांनीही मनाला लावून घेऊ नये. वरून निरुपद्रवी दिसणाऱ्या पदार्थांकडे मात्र लक्ष असू द्या. सणाचा पुलाव पुष्कळदा मांसाच्या पाण्यात शिजवलेला असतो. बेबिंक अंड्यांच्या बलकांवाचून होतच नाही, केकमध्ये अंडी आणि बहुधा रम असते, आणि कुलकुलांच्या पिठातही अनेक जणी अंडे घालतात. दोदोल हा नारळाचे दूध, गूळ आणि तांदळाच्या पिठाचा, दोस हा हरभऱ्याच्या डाळीचा आणि नारळाचा, पेराद हा पेरूचा. हे तुम्हाला चालतील. कडधान्याचे तोंडाक आणि ओले खोबरे घातलेली भाजी या त्यांच्या रोजच्या स्वयंपाकातील गोष्टी आहेत, तेव्हा तुमच्यासाठी फार वेगळे काही रांधावे लागेल असे नाही. एक दिवस सर्वांसाठी तोंडाक तुम्ही करा. वीस माणसांचा स्वयंपाक एकटीने करणाऱ्या बाईला एक भांडे दुसऱ्या कोणी उतरवले तर मनातून बरेच वाटते.

आता पतीविषयी. त्यांच्या बाजूने एक गोष्ट समजून घ्या. गोव्यातील बहुतेक कॅथलिक घरांतले कोणी ना कोणी आखाती देशांत, इंग्लंडमध्ये किंवा जहाजावर तार्वटी म्हणून काम करते. सगळ्यांच्या रजा जुळल्या तर त्या नाताळातच जुळतात. याच काळात लग्नेही असतात, कारण नाताळाआधीच्या आठवड्यांत, म्हणजे आगमनकाळात, ती सहसा लावत नाहीत आणि परदेशातील माणसे पुन्हा निघून जाण्याआधी उरकायची असतात. ज्या भावांना ते वर्षभर भेटलेले नाहीत त्यांच्यात ते रमले, तर त्यात तुमच्याविषयी अनास्था आहे असे समजू नका. तरीही ‘मजा कर’ असे सांगून त्यांची जबाबदारी संपत नाही. जिथे ते जन्मले, तिथे तुम्ही नव्याने आलेल्या आहात. त्या घरातील चालीरीती तुम्हाला सांगणे आणि तुमच्या गरजा घरच्यांना सांगणे ही दोन्ही कामे त्यांचीच आहेत. त्यांच्याकडे मोजक्या गोष्टी मागा. रोज सकाळी चहानंतरचा एक तास दोघांनी मिळून बाहेर पडायचे. पंगतीत त्यांनी तुमच्या शेजारी बसायचे. मिसा, लग्न किंवा गावातील जेवण यांपैकी कुठेही जायचे असेल तर काय होणार आहे ते आदल्या रात्री सांगायचे. आणि परतीची तारीख सासूबाईंना त्यांनी स्वतः कळवायची. तुमच्या तोंडून ती गेली तर ‘सुनेला आमच्यात राहायचे नाही’ एवढाच अर्थ घेतला जाईल.

तारखांचा मार्ग तुमच्या गावाच्या नकाशातच आहे. पुण्याहून वास्कोला जाणारी गोवा एक्स्प्रेस मिरजेवरून जाते आणि मडगावला थांबते. २० तारखेला मडगाव, २७ ला परतीच्या गाडीने मिरज, तिथून सांगली आणि नववर्षाचा पहिला दिवस माहेरी, अशी आखणी केली तर दोन्ही घरांना पूर्ण आठवडा नसला तरी पुरेसा वेळ मिळतो. रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होते, म्हणून डिसेंबरअखेरच्या प्रवासाची तिकिटे ऑक्टोबरच्या उत्तरार्धातच काढावी लागतात. नाताळात गोव्याच्या गाड्यांत नंतर जागा मिळेल या भरवशावर राहू नये. ३१ तारखेला गावातील मुले जुन्या वर्षाचा बाहुला जाळतात, नातलगांत लग्ने असतात. ते चुकल्याचे सासूबाईंना वाईट वाटेल. त्यांना येत्या दिवाळीचे आमंत्रण सांगलीहून, तुमच्या आईकडून जाऊ द्या. दोन विहिणी आतापर्यंत एकमेकींच्या घरी राहिल्या आहेत का, हे तुमच्या पत्रात नाही. नसतील तर आधी तेच करायला हवे.

प्रश्न : आम्ही वसईचे कॅथलिक. सून नाशिकची, हिंदू. मुलगा, सून आणि पाच वर्षांचा नातू २४ डिसेंबरला रात्री येतात आणि २६ ला सकाळी निघतात. २५ ला माझे दीर, नणंदा आणि त्यांची मुले मिळून तीसेक माणसे जेवायला असतात. सून सर्वांना वाढते, मागचे आवरते, नीट बोलते. पण ती मिस्साला येत नाही आणि नातवालाही पाठवत नाही. नणंदा मला विचारतात तेव्हा मला काय उत्तर द्यावे ते सुचत नाही. मी तिला कशा शब्दांत सांगावे?
— एक सासू, वसई

उत्तर : तिला काही सांगू नये, असे मला वाटते. नणंदांना सांगावे. ‘ती माझ्या घरी सणाला येते आणि मला तेवढे पुरे आहे,’ हे वाक्य आपल्या तोंडून एकदा स्पष्टपणे गेले की पुढच्या वर्षी कोणी विचारणार नाही. नणंदांचा प्रश्न आपल्याला विचारलेला आहे. तो सुनेकडे पाठवला तर तिला मात्र त्याचा जाब वाटेल.

वसईतील मिस्सा मराठीतून असतो ही आपल्यासाठी आनंदाची गोष्ट आहे, पण सुनेच्या दृष्टीने त्यामुळे एक अडचण निर्माण होते, तीही लक्षात घ्यावी. परक्या भाषेतील प्रार्थना समोर चालू असेल तर माणूस सूर ऐकत बसू शकतो. आपल्या स्वतःच्या भाषेत, शब्द न् शब्द कळत असताना, भोवतालचा सारा समाज जी श्रद्धा एका आवाजात उच्चारतो ती आपली नाही हे जाणून बसणे प्रामाणिक माणसाला जड जाते. ती येत नाही यात अनादराऐवजी हा संकोच असू शकतो. नातवाचा निर्णय त्याच्या आई-वडिलांचा आहे आणि त्याविषयी बोलायचेच असेल तर मुलाशी बोलावे, तेही नाताळाचे दोन दिवस सोडून.

चर्चच्या बाहेरही नाताळ आहे. वसईच्या गावागावांत तरुण मुले खपून येशूजन्माच्या देखाव्याचे गोठे उभारतात आणि संध्याकाळी घरेच्या घरे ते पाहायला निघतात. २५ च्या संध्याकाळी नातवाला आणि सुनेला घेऊन आपण स्वतः त्या फेरीला जा. गोठ्यातील मेंढरे, गवत, झऱ्याचे पाणी यांत पाच वर्षांच्या मुलाला जेवढे समजायचे तेवढे आजीच्या तोंडून समजेल.

आपल्या पत्रातील एका वाक्यावर मात्र मी थांबलो. सून तीस माणसांना वाढते आणि मागचे आवरते, असे आपण लिहिता. ती जेवते केव्हा? दोन दिवसांची रजा काढून, लहान मुलाला घेऊन आलेली बाई शेवटच्या पंगतीला उरलेले जेवत असेल, तर यंदा पहिल्या पंगतीत तिला आपल्या शेजारी बसवा आणि वाढायला पुतण्यांना उभे करा. ती २६ ला सकाळी निघते याचेही फार वाटून घेऊ नका. सरकारी सुट्टी फक्त २५ ची असते आणि महाराष्ट्रातील बहुतेक मराठी शाळांना मोठी सुट्टी नाताळाऐवजी दिवाळीत असते. आपल्याला ती अधिक दिवस हवी असेल तर उन्हाळ्यात, घरात तीस माणसे नसताना बोलवा.

प्रश्न : आमची मुलगी जर्मनीत असते. जावई जर्मन आहेत. त्यांच्या आई-वडिलांनी आम्हा दोघांना यंदा नाताळासाठी आपल्या घरी बोलावले आहे. त्यांची इतर मुले-नातवंडेही असतील. काय न्यावे, कसे वागावे?
— एक दांपत्य, ठाणे

उत्तर : आवर्जून जा. परदेशातील व्याह्यांनी त्यांच्या सर्वांत घरगुती सणाला बोलावणे हा मोठा आपलेपणा आहे. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, तेव्हा ते काम आधी हाती घ्या.

नेण्याच्या वस्तूंत एक चूक बहुतेक जण करतात. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना सामानातून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे. पेढे, बर्फी, घरचे तूप, श्रीखंड हे सगळे घरीच ठेवा. तेलातला चिवडा, तिळाची किंवा शेंगदाण्याची चिक्की चालते. व्याह्यांसाठी एखादी पैठणीच्या काठाची शाल किंवा टेबलावर अंथरायची हातमागाची चादर नेलीत तर ती वापरली जाईल.

तिकडे मुख्य संध्याकाळ २४ तारखेची असते. झाडाखालच्या भेटी त्याच संध्याकाळी उघडतात, म्हणून तुमच्या भेटीही बांधून, नाव लिहून, त्याच दिवशी झाडाखाली ठेवा. पुष्कळ घरांत त्या रात्री बटाट्याचे सॅलड आणि सॉसेज असे साधेच जेवण असते. मेजवानी २५ ला दुपारी, बदक किंवा हंसाची. शाकाहारी असाल तर मुलीकडून आधी कळवा. यात तिथे कोणाला काही वावगे वाटत नाही. ठरलेली वेळ मिनिटाला पाळा, आणि दारात जोडे काढायचे का ते घरचे काय करतात ते पाहून ठरवा. भाषा येत नसली तरी संकोचाने खोलीत बसून राहू नका. ताटे उचलणे, नातवंडांबरोबर पट मांडून खेळणे, जेवणानंतर सगळे चालायला निघतात तेव्हा बरोबर निघणे, यासाठी भाषा लागत नाही.

२५ आणि २६ दोन्ही दिवस तिथे सार्वजनिक सुट्टी असते आणि दुकाने २४ च्या दुपारपासूनच बंद होतात. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या संपूर्ण मुक्कामाला पुरतील इतक्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत ठेवा.